आत्याबाईंचा पेनड्राइव्ह

गेटवरच्या गार्डने माझा मोबाईल मागून घेतला, पत्र्याच्या खणात टाकला आणि आत्याबाईंकडे बोट करून म्हणाला, "म्हातारी आत जाणार नाही. पत्रावर तुमचं एकटीचं नाव आहे."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गयाबाई. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पदर खोचला आणि ट्रक यायच्या वाटेवर मधोमध फतकल मारून बसल्या. मागून भंगाराचा ट्रक आला आणि हॉर्न वाजवायला लागला. गार्ड ओरडला, हाताला धरून उठवायला गेला, तर त्यांनी त्याचा हात असा काही झटकला की तो मागे सरला. शेवटी त्याने आत फोन लावला आणि आम्हा दोघींनाही सोडलं.

जालन्याच्या बाहेर लोखंडी सळ्या बनवणारा तो कारखाना होता. माझा नवरा भास्कर तिथल्या वजनकाट्यावर कामाला होता. भंगार घेऊन येणाऱ्या ट्रकांचं वजन करायचं, पावती फाडायची, ट्रक आत सोडायचा. त्याच काट्याजवळ त्याचा जीव गेला. त्याला आता पंधरवडा होत आला होता. कंपनीने पोलिसांना सांगितलं की तो पिऊन आला होता आणि झोकांड्या खात मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. व्हिसेराचा, म्हणजे पोटात दारू होती का ते सांगणारा, रिपोर्ट यायला महिने लागतात, तोवर कंपनी म्हणेल ते खरं. पिऊन मेलेल्याच्या घरच्यांचा कंपनीवर काही हक्क नसतो, हेही आम्हाला लगेच ऐकवून झालं होतं.

काट्यावर कॅमेरा होता. मी गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढायचं काम करते, त्यामुळे एवढं मला कळत होतं की कॅमेऱ्याचं चित्रण मशीनमध्ये थोडेच दिवस राहतं, जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं बसतं. आमच्या वकीलबाईंनी धावपळ करून सरकारी कामगार अधिकाऱ्याचं पत्र मिळवलं. कंपनीने आज या, उद्या या करत शेवटी त्या दिवशी बोलावलं. फोनवर म्हणाले, सीडी तयार ठेवतो, येऊन घेऊन जा.

आम्ही एका एसटीने आलो, पण वेगवेगळ्या सीटवर बसून. मयतीच्या दिवशी सगळ्या गावासमोर आत्याबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या होत्या, "हिनं खाल्लं मह्या लेकाला." तेव्हापासून आमच्यात बोलणं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की भास्कर पूर्वी प्यायचा तो माझ्या तोंडाला कंटाळून. माझं म्हणणं असं की त्याच्या पिण्याला आईनेच पांघरूण घातलं. मी मधे वर्षभर माहेरी जाऊन राहिले होते. त्याने दारू सोडली असं भावाकडून कळलं, तेव्हा परत आले. परत आल्यावर त्याने ग्लासाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पण गेला त्या दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तो न जेवता, डबा तसाच टाकून निघून गेला होता. वाटेत त्याचा जुना गुत्ता लागायचा.

हे मी कुणालाच बोलले नव्हते. वकीलबाईंनाही नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव कुलथे. त्यांनी आम्हाला एका थंडगार खोलीत नेलं. भिंतीवर पडदेच पडदे, प्रत्येकावर कारखान्याचा एकेक कोपरा. खाली टेबलावर कॅमेऱ्याचं मशीन होतं आणि त्याच्यापुढे इरफान नावाचा ऑपरेटर बसला होता. तो तिशी-पस्तिशीचा असेल. त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. एका पडद्यावर वजनकाटा दिसत होता. काट्यावर ट्रक उभा होता आणि केबिनमध्ये भास्करच्या जागी दुसराच कुणी बसला होता. आत्याबाईंची नजर तिथेच अडकली.

कुलथे खुर्चीत बसले. आम्हाला बसा म्हणाले नाहीत.

"पेनड्राइव्ह आणलाय?"

मी म्हणाले, फोनवर तुम्ही सीडी देतो म्हणाला होता.

"सीडी रायटर बंद आहे. आता पेनड्राइव्हवरच देतो."

मी म्हटलं, जालन्यात जाऊन विकत घेऊन येते. ते म्हणाले, खुशाल जा, पण एकदा गेटबाहेर पडलात की आजची परवानगी संपली. पुन्हा यायचं तर पुन्हा नवं पत्र आणा. मी म्हटलं, मग इथेच पडद्यावर दाखवा. ते म्हणाले, पत्रात प्रत द्या असं लिहिलंय, दाखवा असं नाही. सगळं ठरवून ठेवलेलं होतं. आवाजही चढवत नव्हते.

तेवढ्यात इरफान पडद्याकडेच तोंड ठेवून म्हणाला, "साहेब, काट्याच्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आज संध्याकाळपर्यंतच आहे. डिस्क फुल झालीय."

कुलथेंनी त्याच्या मानेकडे बघितलं. "तुला कुणी विचारलं?"

मला मात्र कळलं की आजचा दिवस त्यांनी का निवडला होता.

मी काय बोलावं याचा विचार करत असताना आत्याबाईंनी कमरेचा बटवा सोडला. सुपारीच्या खांडांतून चाचपून त्यांनी एक काळा पेनड्राइव्ह बाहेर काढला. त्याला लाल दोरा बांधलेला होता.

"ह्यो चालंल का?" त्यांनी इरफानला विचारलं, मला नाही.

मी बघतच राहिले. संध्याकाळी त्या शेजारच्या लंकाबाईंकडे टीव्हीवर भजन बघायला जायच्या, एवढं मला माहीत होतं. त्या पेनड्राइव्ह असा कमरेला घेऊन फिरतात, हे ठाऊक नव्हतं.

इरफानने तो मशीनला लावला. पडद्यावर लाल अक्षरांत ओळ आली. त्याने काढून पुन्हा लावला. पुन्हा तीच ओळ.

"घेत नाही," तो म्हणाला.

कुलथे उठलेच. "झालं तर मग. आमच्याकडून नकार नाही, तुमचा पेनड्राइव्ह चालला नाही. तसं लिहून द्या आणि सही करा."

मी म्हटलं, थांबा. आणि आत्याबाईंना विचारलं, यात काय आहे? गेल्या पंधरवड्यात मी त्यांना विचारलेली ती पहिली गोष्ट.

"भजन," त्या म्हणाल्या.

"किती वेळाचं?"

"सबंध रातीचं. सप्त्यातलं."

मग माझ्या लक्षात आलं. पेनड्राइव्हवर काही ठेवायचं तर आधी तो कुठल्या तरी एका पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा लागतो. जुनी पद्धत फॅट थर्टीटू. ती जवळपास सगळ्या यंत्रांना कळते, पण तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. रात्रभराचं सलग रेकॉर्डिंग त्याहून कितीतरी मोठं. ते भरून देणाऱ्याने पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने, म्हणजे एक्सफॅटने फॉरमॅट केला असणार. लंकाबाईंच्या नव्या टीव्हीला ते चालत होतं. या जुनाट मशीनला त्यात काही दिसतच नव्हतं.

मी इरफानला विचारलं, मशीनला फॅट थर्टीटूच लागतं ना? तो हो म्हणाला. एक्सफॅट, एनटीएफएस, दुसरी कुठलीच पद्धत घेत नाही.

कोपऱ्यात ऑफिसचा कॉम्प्युटर होता. मी कुलथेंना म्हणाले, यातलं भजन तात्पुरतं त्या कॉम्प्युटरवर ठेवू द्या, तुमच्या समोर पेनड्राइव्ह फॉरमॅट करू आणि ते भजन मी नंतर दुसऱ्या पेनड्राइव्हवर मागून घेईन. ते म्हणाले, बाहेरचा पेनड्राइव्ह कंपनीच्या कॉम्प्युटरला लावायचा नाही, नियम आहे. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या मशीनला लावलेला चालतो? ते म्हणाले, हुज्जत घालायची असेल तर बाहेर जाऊन घाला.

इरफान खालच्या आवाजात म्हणाला, "इथूनच फॉरमॅट मारता येतो. मशीन आपलं आपण फॅट थर्टीटू करून घेतं. पण आतलं सगळं जाईल."

कुलथेंचा सूर इथे एकदम बदलला. ते आत्याबाईंजवळ आले, थोडे वाकून बोलायला लागले.

"मावशी, माझं ऐका. मी बघितलंय त्यात काय आहे ते. तुम्हाला बघवणार नाही. पोरगा तर गेला. आता तो कसा झोकांड्या खात होता ते कोर्टात चार लोकांना दाखवायचंय का? घरी न्या तुमचं भजन. ऐका सुखानं."

ते बोलत होते आत्याबाईंशी, पण लागलं मला. मला टाकून दिलेला डबा दिसत होता आणि वाटेवरचा गुत्ता. क्षणभर वाटलं, सही करावी आणि निघावं. जे बघायचं नाही ते बघितलंच नाही, म्हणजे निदान ते झालंच नाही असं म्हणता येईल. मी आत्याबाईंकडे बघितलं नाही. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय म्हणतो ह्यो इरफान?" त्यांनी विचारलं. "मला नीट सांग."

मी सांगितलं. पेनड्राइव्हवर जे आहे ते पुसावं लागेल, तरच त्यावर काट्याचं चित्र घेता येईल. पुसलेलं परत मिळणार नाही. मग विचारलं, हे भजन दुसरीकडे कुठे आहे का? ज्याने भरून दिलं त्याच्याकडे? मंडळातल्या कुणाच्या मोबाईलवर?

"भास्करच्या मोबाईलमदी व्हतं."

भास्करचा मोबाईल त्याच्या खिशात होता. पोलिसांनी तो आम्हाला पिशवीत घालून परत दिला होता. त्याचे तुकडे होते.

"त्यानंच काढलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "मोबाईल खांबाला बांधून. पुढं बसून तोच म्हणतो सगळी रात. टाळ पण त्याचाच."

मी म्हणाले, भास्कर भजन म्हणायचा?

आत्याबाई सगळ्यांसमोर, त्या परक्या खोलीत, शांतपणे म्हणाल्या, "तुला काय ठाव? तू नव्हतीस. तू माहेरी जाऊन बसलीस तव्हा रोज संध्याकाळी देवळात जायचा. पेयची वेळ झाली की उठून जायचा. हात कापायचे त्याचे, टाळ धरवत नव्हता. तशी सोडली त्यानं. तुह्या भावानं नुस्तं येऊन सांगितलं, सुटली म्हणून. कशी सुटली ते मी बघितलंय."

इरफानने खुर्ची थोडी मागे सरकवली. पडद्यावरच्या काट्यावरून ट्रक हलला, दुसरा आला.

"मव्हा लेक पेलेला नव्हता," आत्याबाई म्हणाल्या. कुलथेंना नव्हे, मला. "तुला वाटतंय पेलेला व्हता. तुह्या तोंडावर दिसतंय. त्या दिवसापासनं दिसतंय."

मी तोंड पडद्याकडे वळवलं.

"म्हणून तू पूस," त्या म्हणाल्या. "ह्यांला हात लावू देऊ नको. तू दाब."

"आत्याबाई, एकदा दाबलं की..."

"समजलं मला. दाब."

इरफान उठून बाजूला झाला. मी माउस हातात घेतला. पडद्यावर मशीन विचारत होतं, सगळा डेटा जाईल, पुढे जायचं का. खाली दोन चौकोन. आत्याबाई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी दाबलं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ लागला. मग लाल ओळ गेली आणि हिरवी आली. मशीनने पेनड्राइव्ह ओळखला होता. तो पूर्ण मोकळा होता.

कुलथे आता चिडले. इरफानला म्हणाले, अपघाताची दहा मिनिटं टाक आणि दे. मी म्हटलं, नाही. तो कामावर आला तिथपासून पाहिजे. पिऊन आला म्हणताय ना, मग आला कसा, चालला कसा, हे दिसलं पाहिजे. पत्रात "त्या पाळीचं संपूर्ण चित्रण" असं लिहिलेलं होतं. मी पत्र टेबलावर ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट काढलं नाही. ते म्हणाले, एवढी मोठी फाईल तुमच्या फॅट थर्टीटूत बसणार नाही. मी म्हटलं, मशीन तासातासाचे तुकडे करून देतं, ते बसतात. मी इरफानकडे बघितलं. त्याने कुलथेंकडे बघितलं, मग मान खाली घालून कॉपी सुरू केली.

ते संपेपर्यंत आम्ही उभ्याच होतो. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. निघताना कुलथेंनी पोचपावतीवर माझी सही घेतली आणि म्हणाले, "पुन्हा या दारात दिसू नका. दोघीही."

गेटवर मोबाईल परत घेताना मी आत्याबाईंना म्हणाले, चहा घेऊ कुठेतरी. त्या चालत राहिल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. दावा कामगार न्यायालयात चालला, बरीच वर्षं चालला. कंपनीच्या वकिलाने त्या चित्रणावर नाही नाही ते आक्षेप घेतले, पण मशीनमधून जसंच्या तसं उतरवलेलं ते चित्रण शेवटी मान्य झालं. व्हिसेरातही काही निघालं नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. इरफानला मात्र त्यानंतर लवकरच कामावरून काढलं असं कळलं. त्याला शोधायचा मी प्रयत्न केला, तो पत्ता बदलून गेला होता. चित्रण न्यायालयात जमा करण्याआधी मी आत्याबाईंना न सांगता जालन्यातल्या एका दुकानात तो पेनड्राइव्ह नेला होता. पुसलेलं परत काढून देणारं दुकान. त्याने खूप खटपट केली आणि म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर काढलं असतं, तुम्ही वर इतकं भरलंय की खाली काही उरलं नाही. आत्याबाई आजही माझ्याच घरात आहेत. आमचं बोलणं कामापुरतं आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी कारखान्यातून आम्ही थेट ग्रामपंचायतीत आलो. दुपारची वेळ होती, ऑफिसात कुणी नव्हतं. मी कॉम्प्युटर सुरू केला. आत्याबाईंसाठी खुर्ची ओढली, त्या बसल्या नाहीत, टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मी पहिला तुकडा लावला.

काट्याच्या केबिनबाहेर मोटारसायकल आली. भास्कर उतरला. त्याने गाडी स्टँडला लावली, रुमालाने तोंड पुसलं, बाह्या दुमडल्या. मग सरळ चालत केबिनकडे आला, दोन पायऱ्या चढला, दार उघडलं. मी श्वास धरून बघत होते. कुठेही पाऊल वाकडं पडलं नाही. त्याने डोक्यावर पिवळी टोपी चढवली. एकामागून एक ट्रक येत गेले. तो वजन करायचा, खिडकीतून पावती द्यायचा. एका ड्रायव्हरशी काहीतरी बोलून हसला. एकदा केबिनबाहेर येऊन उन्हात नुसताच उभा राहिला आणि गावाच्या दिशेने बघत राहिला.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच.

शेवटच्या तुकड्यात तो ट्रक आला. काट्यावर नीट बसला नव्हता, म्हणून मागेपुढे करत होता. भास्कर खाली उतरून, चांगलं अंतर ठेवून, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभा राहिला आणि हाताने खुणा करायला लागला. ट्रक त्याच्यापर्यंत आलाच नाही. मागच्या फाळक्याची कडी निसटली. फाळका धाडकन खाली पडला असणार, कारण भास्करने दचकून वर बघितलं. एक हात वर केला. तोंड उघडलं. मग वरून भंगार आलं आणि तो दिसेनासा झाला.

मी चित्र थांबवलं. मला पुढे बघायचं नव्हतं. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसलेही नाहीत. आत्याबाई रडत नव्हत्या. त्या पडद्याजवळ वाकल्या होत्या.

"मागं घे," त्या म्हणाल्या.

मी मागे घेतलं. त्याने वर बघितलं, हात वर केला, तोंड उघडलं.

"थांब. काय म्हणला त्यो?"

"माहीत नाही, आत्याबाई."

"त्यो काहीतरी म्हणला. आवाज कर की."

मी त्यांना सांगितलं, कॅमेऱ्याच्या चित्राला आवाज नसतो. नुसतं चित्र असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी नजरेत राग होता, मी मुद्दाम आवाज करत नाही असं वाटल्याचा. मग तो राग हळूहळू उतरत गेला आणि त्याच्या मागे जे होतं ते मला बघवलं नाही.

"लाव तरी," त्या म्हणाल्या.

मी आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला, टेबलावरच्या छोट्या स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटले. मी चित्र पुन्हा मागे घेतलं.